रिकाम्या कडीसकट

दागिना म्हणून पाहिलं तर चार्म ब्रेसलेट, म्हणजे चार्म नावाच्या चिमुकल्या वस्तू लटकवलेली मनगटावरची साखळी, अगदी बेशिस्त असतं. हत्ती आणि किल्ली एका मापाचे, बूट घराहून मोठा, शिट्टीच्या शेजारी घोड्याची नाल, नालेच्या शेजारी मासा. कशाचा कशाशी मेळ नाही. लोकरीच्या कपड्यात ते अडकतं, लिहायला बसलं की कागदावर घासतं, टेबलावर हात टेकला की वाजतं. घातलेली बाई शेजारच्या खोलीतून येते आहे हे दिसायच्या आधी ऐकू येतं. तरीही कोणी एखाद्या घराण्याची दागिन्यांची पेटी माझ्यापुढे उघडली आणि त्यातली एकच वस्तू हातात घेऊन पाहायला दिली, तर मी हिरे बाजूला सारून हेच उचलीन.

हार एकदा घडतो. त्याचा आराखडा आधी ठरतो, खडे निवडले जातात, आणि ज्या दिवशी तो तयार होतो त्या दिवशी त्याचं सगळं सांगून झालेलं असतं. ब्रेसलेटची सुरुवात मात्र एका साध्या साखळीने होते. पहिला चार्म कोणीतरी हौसेने देतं. दुसरा कधी येईल, काय असेल, देणारं माणूस कोण असेल, हे त्या वेळी कोणालाच माहीत नसतं. साखळी भरायला वर्षं लागतात, आणि पुष्कळदा ती पुरती भरतच नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर परतणाऱ्या अमेरिकी सैनिकांनी युरोपातून अशा चिमुकल्या वस्तू घरी आणल्या आणि १९५० च्या दशकात त्यांची मोठी लाट आली. शिक्षण संपलं, प्रवास झाला, लग्न ठरलं, मूल झालं, की साखळीत एकेक भर. ज्यांनी उभ्या आयुष्यात रोजनिशीचं पान लिहिलं नाही अशा कितीतरी बायकांनी आपली तारीखवार हकीकत अशी मनगटावर वागवली. हल्ली सगळे चार्म आधीच लावलेली, पेटीबंद ब्रेसलेटंही मिळतात. ती दिसतात सुबक, पण माझं मन त्यांत रमत नाही. त्यांत वस्तू आहेत, प्रसंग अजून घडायचे आहेत.

या दागिन्याचं मला ठाऊक असलेलं सगळ्यात हृद्य उदाहरण व्हिक्टोरिया राणीचं. नोव्हेंबर १८४० मध्ये तिला पहिली मुलगी झाली आणि अवघ्या तीन दिवसांत नवऱ्याने, अल्बर्टने, तिला सोन्याची एक साखळी दिली. त्या साखळीला मिनाकामाचा एक छोटा बदाम, म्हणजे हृदयाच्या आकाराचं उघडणारं लॉकेट, होता आणि बदामाच्या आत त्या तान्ह्या मुलीचे केस. पुढे दर बाळाला एक बदाम वाढत गेला, प्रत्येकाचा मिना वेगळ्या रंगाचा. धाकटी बिआट्रिस १८५७ मध्ये जन्मली तेव्हा नऊ बदाम झाले. एवढंच असतं तर ती एका श्रीमंत घरातली गोड भेट म्हणून विसरून जाता आली असती. पण साखळी पूर्ण झाल्यावर आयुष्य थांबलं नाही. १८६१ मध्ये अल्बर्ट गेला. १८७८ मध्ये अ‍ॅलिस गेली, १८८४ मध्ये लिओपोल्ड, १९०० मध्ये आल्फ्रेड. जन्माची खूण म्हणून लावलेले तीन बदाम आईच्या डोळ्यांदेखत मृत मुलांची आठवण झाले. त्यांत काहीच बदललं नव्हतं. तोच रंग, आत तेच मऊ जावळ. केस शरीराच्या बाकी भागांसारखे कुजत नाहीत, म्हणून तर त्या काळच्या लोकांनी ते लॉकेटांत जपले, अंगठ्यांत बसवले, त्यांच्या वेण्या घालून साखळ्या विणल्या. आपल्याला आज त्याची थोडी शिसारी येते. मला वाटतं, ती येऊ नये. माणूस गेल्यावर त्याचं खरोखरचं काही आपल्यापाशी उरावं, ही मागणी किती साधी आहे.

आणि मग राणीने जे केलं ते मला फार विचार करायला लावतं. आपल्यामागे कोणत्या वस्तू विंडसरच्या किल्ल्यात अल्बर्टच्या खोलीत ठेवायच्या, कुटुंबात कोणालाही द्यायच्या नाहीत, याची तिने यादी केली. त्या यादीत हे ब्रेसलेट होतं. इतकी लेकरं-नातवंडं असलेल्या बाईने हा एक दागिना वारसांच्या हाती पडू दिला नाही. कंजूसपणाचा तर प्रश्नच नव्हता. मी त्याचा अर्थ असा लावते की, तो बदाम उघडून आतले केस पाहताना जे वाटतं ते फक्त तिला वाटत होतं आणि अल्बर्टला वाटलं असतं. तिसऱ्या कोणाच्या हातात तो गेला असता तर सोनं, मिना आणि केस. तिने ते ओळखलं होतं.

माझ्याकडे आलेलं ब्रेसलेट चांदीचं आहे. आत्याचं. आत्याने लग्न केलं नाही, नोकरी केली, आणि तिच्या हातात मी जन्मल्यापासून दुसरा दागिना पाहिला नाही. त्यातला टाइपरायटर नखाएवढा आहे आणि त्याचा वरचा दांडा खरोखर सरकतो. तो तिने पहिल्या पगारातून घेतला. किल्ली आहे, ती तिने एकटीने भाड्याने घेतलेल्या पहिल्या खोलीची आठवण. 'खोली लहान होती, पण दार आतून मी लावायचे,' असं ती म्हणायची, आणि हे सांगताना तिचा आवाज दरवेळी जरा चढायचा. माशाची शेपटी सांध्यासांध्यांतून वळते. तो माझ्या बाबांनी दिलेला. दोघं भावंडं पोहायला शिकली त्या उन्हाळ्याचा. एक दीपस्तंभ आहे, तो तिच्या मैत्रिणीचा. त्या दोघी एकदा समुद्रकाठी गेल्या असताना वादळ आलं आणि रात्रभर त्यांना एका अनोळखी घराने आसरा दिला. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की त्या घरातल्या कंदिलाची काजळी मला पाहिल्यासारखी आठवते.

आणि एक कडी रिकामी आहे.

मासा आणि दीपस्तंभ यांच्या मधोमध. लहानपणी मी तिला विचारलं होतं, इथलं काय पडलं? ती म्हणाली, 'तिथे काही नाही.' रागावून नाही, उदास होऊनही नाही. सांगण्यासारखं सगळं ती भरभरून सांगायची, हे तिने एका वाक्यात मिटवलं.

ब्रेसलेट माझ्याकडे आल्यावर मी ते सोनाराकडे नेलं, कारण फासा सैल झाला होता. चार्म जिथे लटकतो त्या कड्या नुसत्या वाकवून बंद केलेल्या असल्या तर ओढ बसून उघडतात आणि चार्म कुठे पडला ते कळतही नाही. म्हणून त्या झाळून घ्याव्या लागतात. सोनारकाकांनी भिंग लावून एकेक कडी तपासली आणि त्या रिकाम्या कडीपाशी बराच वेळ थांबले. मग भिंग माझ्या हाती दिलं. 'ताई, बघा. कडीला सांधा एकच असतो. हिला दोन आहेत.' एक सांधा कडी बनली तेव्हाचा. दुसरा त्याच्या समोरच्या बाजूला, नंतरचा, वेगळ्या हाताचा. आणि आतल्या अंगाला एक खाच. चांदीवर चांदी वर्षानुवर्षं घासत राहिली की पडते तशी. म्हणजे तिथे काहीतरी पुष्कळ वर्षं लटकत होतं. ते पडलं नाही. कोणीतरी कडी कापून ते मुद्दाम काढलं. आणि नंतर ती मोकळी कडी पुन्हा तिच्याच जागी बसवून झाळून घेतली. कडी टाकून दिली असती तर साखळी तशीच दिसली असती, कोणाला पत्ताही लागला नसता. आत्याने रिकामी जागा पैसे देऊन करवून घेतली होती.

धातूने इतकं सांगितलं. ते काय होतं, कोणी दिलं होतं, का काढलं, हे धातू सांगत नाही.

दागिन्यांच्या बाबतीत मला जे मनापासून सांगायचं आहे ते इथेच येतं, आणि ते सांगायला मला लंडनच्या एका जुन्या अनाथाश्रमाकडे जावं लागेल. थॉमस कोरम नावाच्या निवृत्त दर्यावर्दीने सतरा वर्षं खटपट करून १७३९ मध्ये राजाची सनद मिळवली आणि टाकलेल्या मुलांसाठी फाउंडलिंग हॉस्पिटल काढलं. १७४१ पासून तिथे मुलं घेऊ लागले. मूल आत घेतलं की त्याचं नाव बदलायचं, हा नियम. आईने स्वतःचं नाव सांगण्याची सक्ती नव्हती. मग पुढे दिवस पालटले आणि ती न्यायला आली तर तिचं मूल कोणतं हे ठरवायचं कशावरून? म्हणून आया बाळासोबत एखादी खूण ठेवत. घासून गुळगुळीत केलेलं आणि वर अक्षरं कोरलेलं नाणं. अर्धं तोडलेलं नाणं. बटण, अंगठी, फीत, हेझलनटचं कवच. नोंदीच्या कागदाशी ती खूण ठेवायची, कागद घडी घालून मोहोरबंद करायचा. कित्येक मुलांच्या बाबतीत कपड्याचा तुकडाच कापून कागदाला जोडला जाई.

त्या खुणांपैकी पुष्कळ वस्तू एखाद्या चार्म ब्रेसलेटवर सहज शोभल्या असत्या. मापाने तेवढ्याच आणि किमतीनेही फारशा नाहीत. फरक इतकाच की त्यांच्यावर माणूस परत मिळणं अवलंबून होतं. १७६७ मध्ये एका आईने ठिगळकामाची सुयांची छोटी पिशवी मधोमध कापली. वर भरतकामाने काढलेला बदाम दोन तुकड्यांत गेला. अर्धी बाळाजवळ, अर्धी तिच्याजवळ. १७७५ मध्ये ती आपला अर्धा तुकडा घेऊन आली आणि मुलाला घेऊन गेली. आठ वर्षं कपड्याचा एवढासा तुकडा तिने कुठे कुठे सांभाळला असेल! बहुतेकींच्या वाट्याला हे आलं नाही. १७४१ ते १७६० या काळात १६,००० हून जास्त मुलं तिथे दाखल झाली, त्यांतली आईबापांनी परत नेलेली १५२.

पण या कहाणीतली मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट पुढची आहे. १८६० च्या दशकात संस्थेच्या कारभाऱ्यांनी यांतल्या कित्येक खुणा कागदांमधून बाहेर काढल्या आणि लोकांना पाहायला मांडल्या. हेतू वाईट नव्हता. लोक येत, पाहून गलबलत. पण खूण एका जागी आणि कागद दुसऱ्या जागी झाल्यावर कोणती खूण कोणत्या मुलाची, हे हरवलं. नाणी शाबूत राहिली, अक्षरंही वाचता येत होती, आणि तरी ती मुकी झाली. अलीकडच्या काळात अभ्यासकांनी जुन्या नोंदी चाळून काही जोड्या पुन्हा लावल्या. सगळ्या लागलेल्या नाहीत.

वारशाने आलेल्या दागिन्याचंही असंच आहे. आपण म्हणतो, या अंगठीत आजी आहे. अंगठीत आजी नसते. अंगठी अर्धा तुकडा असते आणि दुसरा अर्धा ती देणाऱ्या, घालणाऱ्या, तिच्याबद्दल सांगणाऱ्या माणसांपाशी असतो. तो निघून गेला की दागिना वजनावर जातो. म्हणून कपाटाला कुलूप लावून दागिने 'सांभाळणाऱ्यां'चं मला कोडं पडतं. चोर नेईल याची इतकी काळजी करणारं माणूस, हा दागिना कोणाचा, कोणत्या निमित्ताचा, हे दोन ओळी लिहून ठेवायला मात्र विसरतं. चोरी तर कधीकधीच होते, विस्मरण घरोघरी चालू असतं.

अर्थात धातू अगदीच मुका असतो असंही नाही. झीज ही त्याची स्वतःची लिखावट. शुद्ध सोनं दागिन्याला फार मऊ पडतं म्हणून त्यात तांबं, चांदी मिसळतात. २२ कॅरेटमध्ये ९१.६ टक्के सोनं, १८ कॅरेटमध्ये ७५. पण मिसळलं तरी ते झिजतंच. साखळीच्या कड्या जिथे एकमेकींवर बसतात तिथे आधी पातळ होतात. अंगठी तळव्याच्या बाजूला झिजते, कारण पकडणं, उचलणं, घासणं सगळं त्याच बाजूने होतं. विचार करताना अंगठी फिरवण्याची सवय असलेल्या माणसाची अंगठी चहूबाजूंनी सारखी झिजते. हे एकदा लक्षात आलं की जुन्या अंगठ्या पाहायची नजरच बदलते. क्रोएशियातल्या क्रापिना इथे निअँडरथल या नामशेष झालेल्या मानवजातीच्या वस्तीत गरुडाच्या आठ नख्या शंभरेक वर्षांपूर्वी सापडल्या होत्या, सुमारे १,३०,००० वर्षं जुन्या. २०१५ मध्ये संशोधकांनी त्या पुन्हा तपासल्या, तेव्हा त्यांवर कापल्याच्या खुणा आणि घासून गुळगुळीत झालेल्या जागा दिसल्या. त्यावरून त्यांनी म्हटलं की या नख्या ओवलेल्या असाव्यात, कोणाच्या तरी अंगावर हलताना एकमेकींना घासल्या असाव्यात. इतक्या लांबच्या माणसाने दागिना घातला होता असं मानायला आपल्यापाशी कारण आहे, ते असं झिजेमुळे.

म्हणूनच जुना दागिना दुरुस्तीला देताना मी एकच विनवणी करते, चकाकी आणू नका. यंत्रावर घासून उजाळा देताना वरचा थर निघतो, आणि त्याबरोबर कोरलेलं नाव, मुद्रा, कडांची लय सगळं थोडं थोडं पुसलं जातं. एका पिढीत पाचदा उजळलेल्या अंगठीच्या आतली तारीख पुढच्या पिढीला वाचता येत नाही. मोत्यांच्या माळेचा दोरा मात्र वेळेवर बदलावा, प्रत्येक मोत्यानंतर गाठ घेऊन गाठवून घ्यावी, तिथे जुनेपणाचा हट्ट करू नये. दोरा तुटल्यावर मोती घरभर शोधण्यापेक्षा ते बरं. चांदी पडून राहिली की हवेतल्या गंधकाने काळवंडते, अंगावर असली की कपड्याच्या, कातडीच्या घासण्याने बरीचशी उजळ राहते. एकूण दागिना वापरण्यानेच झिजतो आणि वापरण्यानेच टिकतो. मी तो झिजू देण्याच्या बाजूची आहे.

मोडून नवीन करण्याबद्दल मात्र माझं मत लोकांना वाटतं तितकं कडक नाही. सोनं गंजत नाही, सडत नाही. आजवर खाणींतून काढलेलं बहुतेक सगळं सोनं कोणत्या ना कोणत्या रूपात अजून माणसांपाशी आहे. आपल्या बोटातल्या अंगठीत कोणाची तरी जुनी अंगठी मुशीतून आली असेल, हे मला खिन्न करत नाही. आजीच्या बांगडीतून तीन नातींच्या तीन अंगठ्या झाल्या आणि तिघींना ती बांगडी कोणाची होती हे ठाऊक असलं, तर बांगडी मोडली असं मी म्हणणार नाही. उलट, आहे तसा ठेवलेला दागिना कोणाचा हे कोणालाच ठाऊक नसलं, तर राखलं तरी काय? कधीकधी आहे तसं ठेवणंच योग्य असतं, हेही खरं. डायनाची नीलमची अंगठी १९८१ मध्ये निवडली गेली तेव्हा ती खास तिच्यासाठी घडवलेली नव्हती, जवाहिऱ्याच्या नेहमीच्या संग्रहातली होती. २०१० मध्ये तिच्या मुलाने तीच होणाऱ्या बायकोच्या बोटात घातली, तेव्हा जगात तिच्यासारखी दुसरी अंगठी नव्हती. मधली सगळी वर्षं त्या नीलमला चिकटली होती. तिचा घाट बदलला असता तर लोकांना दगड दिसला असता.

वाटणीच्या वेळी घरातली माणसं दागिन्यांवरून का इतकी दुखावतात, याचाही उलगडा मला यातूनच होतो. रक्कम समान वाटता येते, जमीन मोजता येते. पण आईच्या कानातल्या कुड्या बहिणीला गेल्या याचं ज्या भावाला लागतं, त्याला त्या घालायच्या नसतात. त्या हलताना पाहत तो आईच्या मांडीवर झोपलेला असतो. त्याच्यापाशीही अर्धा तुकडा असतो आणि वाटणीच्या कागदावर त्याला रकाना नसतो. आत्याच्या ब्रेसलेटच्या वेळी चुलतभावाने सुचवलं की चार्म सुटे करून सगळ्यांना एकेक देऊ. सूचना प्रेमाने केलेली होती, आणि मी बराच विचार केला. ज्याला ज्या चार्मची गोष्ट येते त्याला तो द्यावा, हे न्यायाचंच आहे. माशावर माझ्या भावाचा हक्क माझ्याइतकाच. पण सगळे चार्म सुटे झाल्यावर ती रिकामी कडी कोणाच्या वाट्याला येणार? साखळीशिवाय तिला अर्थ नाही, ती साखळीवरच 'मधली' आहे. त्या कडीमुळे ब्रेसलेट अखंड राहिलं. चुलतभावाला ते लगेच पटलं.

मी त्यात माझा चार्म घातलेला नाही. लोक घालतात, आणि त्यांचं चुकतं असं मी म्हणत नाही. आई, मुलगी, नात अशा तिघींनी मिळून भरलेल्या साखळीलाही तिची शोभा असते. पण आत्याने तिची साखळी स्वतः पूर्ण केली होती, एक जागा मोकळी ठेवून. त्यात मी काही अडकवलं तर पाहणाऱ्याला तिचं कुठे संपतं आणि माझं कुठे सुरू होतं हे कळणार नाही. मी ते घालते मात्र नेहमी. टाइपरायटरचा दांडा आता जरा अडखळत सरकतो.

माझी भाची ते हातात आलं की सोडत नाही. तिला शेपटी हलवायला आवडते आणि वादळाची गोष्ट दरवेळी पूर्ण ऐकायची असते, कंदिलासकट. परवा तिने कडीवर बोट ठेवून विचारलं, 'मावशी, इथे काय होतं?' मी भिंग आणून तिला दोन सांधे दाखवले, खाच दाखवली. ती म्हणाली, तिथे पक्षी होता आणि तो उडून गेला. मी तिला म्हटलं, तुझी गोष्ट सुंदर आहे, पण आत्याआजीची ती नव्हे. तिची आपल्याला माहीत नाही, आणि जे माहीत नाही तिथे आपलं काही भरायचं नाही. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, मग लिहून ठेव, नाहीतर मी मोठी झाल्यावर पक्षीच सांगेन.

तिच्यादेखत लिहायला बसले. टाइपरायटर, पहिला पगार. किल्ली, पहिली खोली, दार आतून. मासा, भावाकडून, दोघं पोहायला शिकली तो उन्हाळा. दीपस्तंभ, मैत्रीण, वादळ, कंदील. रिकामी कडी, दोन सांधे, आत खाच, मुद्दाम काढलं आणि मुद्दाम झाळलं, कारण माहीत नाही, विचारल्यावर म्हणाली 'तिथे काही नाही'. कागद घडी करून पेटीत ठेवायच्या आधी भाचीने वरच्या कोपऱ्यात आणखी एक ओळ लिहायला लावली, ती मी जशीच्या तशी लिहिली: मोडायचं असेल तर मोडा, पण आधी हे वाचा.